आफ्रिकन स्वाइन फीवर म्हणजे काय? तो माणसाला होतो का?

गावात डुकरे मरू लागली की व्हॉट्सॲपवर पहिला मेसेज फिरतो तो ‘स्वाइन फ्लू आला’ असा. हे दोन वेगळे आजार आहेत. आफ्रिकन स्वाइन फीवर फक्त डुकरांना आणि रानडुकरांना होतो, माणसाला होत नाही. डुकरांसाठी मात्र तो जवळजवळ काळच: काही उद्रेकांत बाधित झालेले बहुतेक सगळे प्राणी मरतात.

१९२१ मध्ये केनियात या रोगाची पहिली नोंद झाली. २०१८ मध्ये तो चीनमध्ये पोहोचला आणि २०२० मध्ये भारतात, आसाम आणि अरुणाचल प्रदेशात. २०२२ च्या जुलैमध्ये केरळातील वायनाड आणि ऑगस्टमध्ये मध्य प्रदेशातील रीवा येथे तो आढळला. म्हणजे विदर्भाला लागून असलेल्या राज्यापर्यंत.

लक्षणे अशी: तीव्र ताप, खाणे बंद, कान व पोटाची कातडी लाल-जांभळी, कधी रक्तस्राव. जुन्या ‘स्वाइन फीवर’ची लक्षणेही अगदी अशीच असतात, त्यामुळे नुसते बघून निदान होत नाही. नमुना भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत तपासला जातो. आणि जुन्या तापाची लस या रोगावर चालत नाही. अनेकांची इथेच फसगत होते. व्हिएतनामने २०२३ मध्ये स्वतःची लस वापरात आणली, पण आपल्याकडे भिस्त रोखण्यावरच आहे.

विषाणू चिवट आहे. गोठवलेल्या मांसात तो महिनोन्‌महिने टिकतो. चपला, गाडीची चाके, अवजारे यांवरूनही पसरतो. हॉटेलचे खरकटे डुकरांना न उकळता देणे हा सर्वांत मोठा धोका. यवतमाळसारख्या जिल्ह्यात आणखी एक अडचण आहे: पिकांत शिरणारी रानडुकरे आणि गावातली मोकाट डुकरे एकाच उकिरड्यावर येऊ शकतात. कुंपण तिथे कामाला येते.

रोगाची खात्री झाल्यास केंद्राच्या आराखड्यानुसार १ किलोमीटर परिसरातील डुकरे ठार केली जातात आणि १० किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात. शासकीय भरपाई असते ती अशा ठार केलेल्या डुकरांसाठी. म्हणूनच आजारी डुक्कर घाईने विकून टाकणे पालकालाही महागात पडते: रोग दुसऱ्या गावी जातो, आणि कळप मरून गेल्यावर भरपाईचा दावा उरत नाही. मेलेले डुक्कर नाल्यात फेकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा.