‘त्सूक’ म्हणजे काय? रेल्वेगाडी की चाल?

जर्मनमध्ये ‘त्सूक’ म्हणजे रेल्वेगाडी आणि बुद्धिबळातली चालही. दोन्हींचं मूळ ‘ओढणे’ या क्रियापदात आहे. ‘इम त्सूक’ म्हणजे गाडीत; पटाच्या चित्राखाली ‘आम त्सूक’ दिसलं, तर पाळी कोणाची ते कळतं. मी भाषांतराच्या ॲपला म्हणूनच सुटा शब्द न देता पूर्ण वाक्य देतो.

‘त्सूकत्स्वांग’ म्हणजे चालीची सक्ती. समजा, पांढरा राजा सी६, प्यादं डी७, काळा राजा डी८ वर आणि पाळी काळ्याची. त्याला ई७ हे एकच घर मोकळं. तो तिथे गेला की पांढरा राजा सी७ वर येतो आणि पुढच्या चालीत प्याद्याचा वजीर होतो. पाळी पांढऱ्याची असती, तर हाच डाव बरोबरीत सुटला असता!