वळिवड्याच्या बराकी

आमच्याकडं लग्न ठरलं की बस्ता बांधायला गांधीनगर गाठायचं. नवरीच्या शालूपासून मानपानाच्या टॉवेल-टोपीपर्यंत सगळं एकाच फेरीत उरकतं. कोल्हापूरपासून आठेक किलोमीटरवर, वळिवड्याला लागून असलेली ही बाजारपेठ मुळात छावणी होती, हे बस्त्याच्या गडबडीत कुणाच्या ध्यानात राहत नाही. त्यातून ती छावणी दोनदा भरली. निर्वासितांना सामावून कसं घ्यावं यावर हल्ली परदेशात मोठमोठे अहवाल निघतात. आमच्या वळिवड्याच्या बराकींनी पाचसहा वर्षांच्या आत त्याचे दोन नमुने पाहिले.

पहिले आले पोलंडचे लोक, 1943 साली. सोव्हिएत राजवटीनं 1940-41 मध्ये त्यांना पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. पुढं सुटका झाल्यावर इराण, तिथून कराची आणि मग इथं. साधारण पाच हजार माणसं, त्यात बायकापोरंच जास्त, कारण धडधाकट पुरुष पोलिश फौजेत गेले होते. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा तान्हा राजा होता, कारभार रीजन्सीकडं. छावणीचा खर्च लंडनमधलं पोलिश निर्वासित सरकार पाहत होतं.

व्यवस्था चोख होती. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकं, स्काउट पथकं, सगळं होतं. बराकींपुढं बायांनी फुलझाडं लावली होती. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला ठेवून घेतलेली पोलिश मुलंही ती छावणी 1946 मध्ये बंद झाल्यावर इथं आली. मात्र शाळेत शिकवलं जायचं ते पोलिशमधून आणि पोलंडला परत जाण्यासाठी. युद्ध संपलं की घरी जायचं, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. मग 1945 मध्ये याल्टाच्या बैठकीत पोलंडची सीमाच सरकली आणि यातल्या बहुतेकांची गावं सोव्हिएत हद्दीत गेली. त्याच वर्षी जुलैत ब्रिटननं लंडनमधल्या त्या सरकारची मान्यता काढून घेतली. परत जायचं तर कुठं? काही गेलेही पोलंडला, पण बाकीचे 1948 पर्यंत इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेकडं पांगले. काही मुलींनी इथलीच घरं केली. काहीजण कोल्हापूरच्या दफनभूमीत राहिले. पाहुणचार म्हणून या धोरणाला मी पैकीच्या पैकी गुण देईन. पण यांनी इथंच राहायचं ठरवलं तर, हा प्रश्न छावणी चालवणाऱ्यांनी कधी विचारातच घेतला नाही.

बराकी रिकाम्या झाल्या आणि सिंधी आले. पंजाब आणि बंगालची निदान फाळणी झाली, सिंध अख्खाच पाकिस्तानात गेला. जानेवारी 1948 मध्ये कराचीत दंगल उसळली आणि बोटीच्या बोटी भरून माणसं मुंबईला उतरू लागली. ज्या कराचीत पोलिश बायकांनी दम खाल्ला होता, तिथूनच त्यांच्या बराकींचे पुढचे रहिवासी बेघर होऊन निघाले. मुंबई सरकारनं हाताशी असलेल्या युद्धकाळातल्या छावण्यांत त्यांची सोय लावली. कल्याणच्या छावणीचं उल्हासनगर झालं, वळिवड्याच्या छावणीचं गांधीनगर.

या खेपेला सरकारचा हात आखडता होता. एकेका खोलीत कुटुंबं कोंबलेली, आणि मागं टाकलेल्या मालमत्तेच्या भरपाईचा कायदा व्हायला 1954 उजाडलं. पण एक गोष्ट त्यांना मिळाली, जी पोलिशांना मिळाली नव्हती. घटनेच्या सहाव्या कलमानं 19 जुलै 1948 पूर्वी आलेल्यांना नागरिक मानलं आणि नंतर आलेल्यांना नोंदणीचा रस्ता दिला. माझ्या मते सगळ्या मदतीत हीच मोठी. नागरिक झालेला माणूस दुकान टाकतो, कर्ज काढतो, मतदान करतो आणि वेळ आली तर भांडतोही.

माझ्या वडिलांचं गडहिंग्लजला कापडाचं लहानसं दुकान होतं आणि माल गांधीनगरचा. बराकीच्या पुढच्या भागात गादी, मागं संसार. बसल्याबसल्या पापड आणि पाणी पुढं यायचं, ही सिंध्यांची रीत. "साईं, अण्णा, आधी पापड खा, मग भाव करू," असं सेठ म्हणायचे. वही उजवीकडून डावीकडं लिहिलेली, वडिलांना त्यातलं अक्षर लागायचं नाही. तरी त्या वहीवरून कधी वाद झाला नाही, कारण वडील आपली वही वेगळी ठेवत आणि दोन्ही आकडे जुळत. ठोकात नफा कमी धरायचा, गिऱ्हाईक तोडायचं नाही आणि उसाचं बिल येईपर्यंत उधारीला थांबायचं, हा तिथला धंदा. सहकारी साखर कारखान्यांमुळं शेतकऱ्याच्या हातात पैसा येऊ लागला तो याच काळात. गांधीनगर उभं राहिलं त्याचं निम्मं श्रेय मी उसाला देतो. पुनर्वसन खात्याच्या कुठल्या कागदावर ऊस नव्हता.

कुरकुर झालीच. शहरातले जुने कापडवाले 'भाव पाडतात' म्हणून बोटं मोडत, आणि त्यांच्याच दुकानात माल गांधीनगरचा असे.

तोट्याची बाजूही मांडायला हवी. सिंधी भाषेला घटनेच्या आठव्या परिशिष्टात जागा मिळाली, तीही 1967 मध्ये. त्या सेठचा नातू आज माझ्याशी अस्सल कोल्हापुरी बोलतो. आजोबांच्या वह्या घरात आहेत, पण त्याला त्या वाचता येत नाहीत. त्याला सामावून घेतलं म्हणायचं की पुसून टाकलं, यावर त्याचं आणि माझं एकमत होत नाही. तो म्हणतो, धंद्याला कोल्हापुरी लागते, बाकीचं सोडा.

जमिनीचं घोंगडं तर याहून लांबलं. निर्वासितांना दिलेल्या जागांचे पट्टे नियमित करण्यासाठी राज्य मंत्रिमंडळानं अभय योजना मंजूर केली ती 2025 मध्ये. म्हणजे मतदानाचा हक्क आजोबांना मिळाला आणि पायाखालच्या जागेच्या कागदासाठी नातू अजून फायली घेऊन फिरतो आहे.