परभणी जिल्ह्यातील बालसाक्षरतेची घरगुती पूर्वपीठिका : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

बालकाच्या साक्षरतेचा इतिहास सर्वसाधारणपणे शाळेच्या स्थापनेपासून लिहिला जातो. तथापि अक्षर डोळ्यांना दिसण्यापूर्वी त्याचा नाद कानी पडावा लागतो, आणि हे कार्य प्रथम घरातच घडते. परभणी जिल्ह्यातील या घरगुती पूर्वतयारीचा विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

संत जनाबाईंचे गंगाखेड याच जिल्ह्यातील. त्यांच्या नावावरील अभंगांत दळण-कांडणासारखी नित्याची कामे येतात. जात्यावर ओव्या गाण्याची प्रथा मराठवाड्यातील स्त्रियांनी विसाव्या शतकातही जपली. दळणाऱ्या आईजवळ बसून ओवी ऐकणारे मूल यमक, शब्द व वाक्याची लय नकळत आत्मसात करी. रांगोळीचे ठिपके जोडताना बोटांना वळण लागे. धान्य मोजताना अंक कानी पडत.

परंतु या घरच्या मराठीला शिक्षणव्यवस्थेत पुरेसा आधार नव्हता. १९४८ पर्यंत परभणी हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील जिल्हा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उर्दू ही तेथील राज्यकारभाराची भाषा झाली होती. वरच्या शिक्षणात तिचेच प्राबल्य होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. परिणामी ओवीपासून पुस्तकापर्यंतची वाट मराठी मुलांसाठी अरुंद राहिली.

घर व शाळा यांतील अंतर मिटविण्याचा प्रयत्न याच काळात महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला सुरू झाला. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले; अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हा त्यांचा विचार होता. पाने, बिया, खडे हीच तेथील शैक्षणिक साधने ठरली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोहोचला.

आता दळण विजेच्या गिरणीवर जाते, आणि ओव्या मुखोद्गत असणाऱ्या स्त्रियांची पिढी विरळ होत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा वयोगट शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आहे. अशा वेळी या आजींना अंगणवाडीत मानाने बोलावणे उचित ठरेल. जनगणनेने ज्यांची नोंद 'निरक्षर' अशी केली, त्यांनीच अनेक मुलांना भाषेचा पहिला धडा दिला, याची दखल शिक्षणाच्या इतिहासाने घ्यावयास हवी.