दिवसा सोने, रात्री अन्न : इंदूरच्या सराफ्यातील एक फेरी

आपल्या ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथासाठी इंदूरच्या इतिहासावर काही लिहावे, अशी आज्ञा संपादक मंडळाकडून झाली, तेव्हा होळकरशाहीतील एखादा राजकीय प्रसंग निवडावा असे प्रथम मनात आले होते. परंतु त्याच सुमारास एक लहानशी घटना घडली आणि विषय बदलला. वाचकांनी ग्रंथालयाच्या ग्रंथात खाण्यापिण्याची चर्चा पाहून दचकू नये. लेखाच्या अखेरीस ती ग्रंथालयाच्याच दाराशी येऊन थांबणार आहे.

गेल्या मार्गशीर्षात पुण्याहून एक प्राध्यापक मित्र सपत्नीक आमच्याकडे आले होते. सराफ्यातील रात्रीचे खाद्यपदार्थ त्यांना पाहावयाचे होते आणि त्यासाठी त्यांनी आधीच एका मार्गदर्शकाची फेरी ठरवून ठेवली होती. ठरावीक रक्कम द्यावी, राजवाड्यापाशी जमावे आणि त्याने नेईल तिकडे जाऊन देईल ते खावे, असा हा प्रकार. आयुष्याची पन्नासहून अधिक वर्षे ज्या गावात गेली, त्याच गावात पैसे देऊन वाटाड्या करावयाचा, हे मला थोडे अपमानास्पद वाटले. पण पाहुण्यांचे मन मोडवेना, म्हणून गेलो.

रात्री साडेआठला राजवाड्यासमोर आमचा मार्गदर्शक भेटला. पंचविशीचा, चुणचुणीत मुलगा. हिंदी बोलणारा, मधूनच खास इंदुरी ‘भिया’ पेरणारा. सात मजली राजवाड्याकडे बोट दाखवून त्याने सुरुवात केली. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे, हे त्याने बरोबर सांगितले. १८०१ साली सर्जेराव घाटग्यांच्या फौजेने शहर लुटले तेव्हा वाडा जळाला आणि १९८४ च्या दंगलीत पुन्हा जळाला, हेही त्याला ठाऊक होते. पुढे मात्र तो म्हणाला, “सर, सराफे का खाना तो हज़ारों साल पुराना है.” मी हसून गप्प राहिलो.

सराफा हा इंदूरच्या व्यापारी इतिहासाचा अर्कच म्हटला पाहिजे. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला आणि पुढच्याच महिन्यात मंदसोरचा तह होऊन इंदूर राजधानी ठरली. दुसरे मल्हारराव अज्ञान होते आणि कारभार तात्या जोग यांच्या हाती होता. लढाया संपल्या आणि पेढ्या सुरू झाल्या, असे या कालखंडाचे थोडक्यात वर्णन करता येईल. माळव्याच्या काळ्या मातीत पिकणारी अफू मुंबई बंदरातून चीनकडे जाऊ लागली. तिच्या खरेदीसाठी रक्कम हवी, रकमेसाठी हुंडी हवी आणि हुंडीसाठी सराफ हवा. दुसऱ्या तुकोजीरावांनी खांडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोट रुपयांचे कर्ज दिले, यावरून या शहरातील पैशाचा अंदाज यावा. १९१३ मध्ये चीनकडील अफूची निर्यात थांबली आणि त्या भांडवलाने कापसाची वाट धरली. सराफ्यालगतच्या इतवारिया बाजारातील काचमंदिर उभारणारे शेठ हुकुमचंद (१८७४-१९५९) हे या दोन्ही युगांचे प्रतिनिधी होत.

अशा बाजारात रात्रीचे खाणे कसे आले? सोन्याची दुकाने बंद झाल्यावर गल्लीत माणसांचा वावर राहावा, म्हणजे चोरीचे भय कमी होईल, या हेतूने सराफांनीच खाद्यविक्रेत्यांना आपल्या ओट्यांसमोर बसू दिले, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मार्गदर्शकानेही तीच सांगितली. या कथेतला व्यवहार मला पटण्याजोगा वाटतो. एकाच ओट्यावर दिवसा एकाने आणि रात्री दुसऱ्याने पोट भरावे, एकाच्या असण्याने दुसऱ्याची राखण व्हावी, ही तडजोड कागदावर न येताही टिकू शकते, कारण ती दोघांच्याही हिताची असते.

नऊच्या सुमारास आम्ही गल्लीत शिरलो. लोखंडी दारे खाली ओढली जात होती आणि त्यांच्याच समोर कढया चढत होत्या. पहिला थांबा गराडूचा. हा कंद थंडीतच मिळतो. सोलून, तुकडे करून तो दोनदा तळतात आणि वर लिंबू पिळून मसाला भुरभुरतात. पुढे दहीवड्याचे दुकान लागले. तेथील विक्रेता दह्याने भरलेला द्रोण हवेत उडवून अलगद झेलतो, आणि त्यातला थेंबही सांडत नाही. वहिनींनी तो खेळ दोनदा करून घेतला. नंतर खोबऱ्याचे सारण भरलेले बटाट्याचे पॅटिस, परातीएवढी जिलबी, मावाबाटी आणि शिकंजी. ही शिकंजी लिंबाचे सरबत नव्हे. ती आटवलेल्या दुधाची, केशर-वेलचीची, घट्ट असते. सरबताच्या अपेक्षेने पेला तोंडाला लावणारा परगावचा माणूस चकित होतो. आमचे मित्रही झाले.

खरा प्रसंग घडला तो भुट्ट्याच्या किसाच्या कढईपाशी. कोवळी कणसे किसून तो कीस तुपावर, मोहरी-जिरे-हिंग आणि हिरव्या मिरचीच्या फोडणीत परततात, दूध घालून शिजवतात आणि वर लिंबू, खोबरे, कोथिंबीर घालतात. पहिला घास घेताच वहिनी म्हणाल्या, “अहो, हे तर आपलंच! ही फोडणी आपली, आणि ‘कीस’ हा शब्दही आपलाच.” शेजारच्या ठेल्यावर साबुदाण्याची खिचडी होती, तीही त्यांनी मराठी खाती जमा केली. मार्गदर्शक नम्रपणे म्हणाला, “नहीं मैडम, ये तो शुद्ध मालवी चीज़ है.” मग दोघांनीही माझ्याकडे पाहिले. “सर, आप ही बताइए, आप तो प्रोफ़ेसर हैं.”

मला निवाडा देता आला नाही. गर्दीत उभ्याउभ्या जे सांगता आले, ते एवढेच की ‘हजारो वर्षां’ची गोष्ट तरी खरी नव्हे. मका, मिरची, बटाटा आणि साबुदाणा ज्यापासून होतो तो कंद, हे सारे अमेरिका खंडातून आलेले. कोलंबसापूर्वी या देशात कोणी भुट्ट्याचा कीस खाल्ला असणे शक्य नाही. त्या गल्लीतील जुन्या वंशाचा मान द्यायचाच तर तो गराडूला द्यावा लागेल. जिलबीचे नाव पश्चिम आशियातून आलेले. तिचा इतिहास भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांनी संस्कृत ग्रंथांच्या आधारे शोधला आहे, आणि सतराव्या शतकातील रघुनाथ नवहस्त यांच्या ‘भोजनकुतूहल’ या ग्रंथात तिची कृती आढळते. म्हणजे अरबी नावाचा पदार्थ, त्याची नोंद संस्कृतात आणि ती करणारा मराठी पंडित. ‘आपले’ हा शब्द येथे कोणी कोणाविरुद्ध वापरावा?

तरीही वहिनींचे म्हणणे मला झटकून टाकता येईना. ‘किसणे’ हे क्रियापद मराठी घरात रोजचे आहे आणि ते या बाजारात हिंदीच्या प्रवाहात तग धरून राहिले आहे. सकाळचे पोहे घ्या. माळवा हा गव्हाचा आणि ज्वारीचा मुलूख. भाताच्या प्रदेशातला पदार्थ येथे वाफेच्या पातेल्यावर चढून साऱ्या शहराची न्याहारी झाला, यात दक्षिणेतून आलेल्या आपल्या पूर्वजांचा वाटा असणे मला संभवनीय वाटते. पण त्या पोह्यांवर शेव आणि जिरावन मसाला पडला, शेजारी जिलबी आली, तेव्हा ते पुण्याचे राहिले नाहीत. साबुदाण्याची खिचडीही येथे परतीत नाहीत. वाफवलेल्या दाण्यांत ऐन वेळी मसाला, फराळी चिवडा आणि लिंबू कालवून देतात. उपासाच्या घरगुती पदार्थाचा तो बाजारी, रात्रीचा आणि सर्वजातीय अवतार आहे. संभव आणि पुरावा यांतले अंतर मात्र तर्काने भरून निघत नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मी आपल्या ग्रंथालयात गेलो. संदर्भ विभागात होळकरांच्या कैफियती आहेत, बखरी आहेत, अहिल्याबाईंची अनेक चरित्रे आहेत. १९१७ साली इंदुरात गणेश जनार्दन आगाशे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले, त्याची आठवण आपण अभिमानाने जपतो. १९३५ आणि २००१ च्या इंदूर संमेलनांचीही जपतो. ते योग्यच आहे.

पण त्याच १९१७ च्या दिवाळीत या शहराच्या रस्त्यांवर आणखी एक गोष्ट घडली. तिसऱ्या तुकोजीरावांनी नगररचनेसाठी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानाला बोलावले होते. प्लेगने शहर त्रस्त होते. गेडिस यांनी दिवाळीची एक आगळी मिरवणूक काढली. ज्या रस्त्यांची सफाई उत्तम होईल, त्या रस्त्यांनी ती जाईल असे जाहीर केले. लोकांनी घरे, गल्ल्या, कोपरे झाडून काढले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता आणि त्यांच्याबरोबर स्वच्छ वस्त्रे ल्यालेले, फुलांनी सन्मानिलेले सफाई कामगार होते. अखेरीस राक्षसाचे दहन झाले. गेडिस यांचा इंदूरवरील अहवाल पुढच्या वर्षी, १९१८ मध्ये, दोन खंडांत प्रसिद्ध झाला. २०१७ साली, बरोबर शंभर वर्षांनी, इंदूर देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले आणि पुढेही अनेक वर्षे ते स्थान त्याने टिकवले. या योगायोगाविषयी आपल्या सभासदांपैकी किती जणांनी ऐकले असेल? त्याच वर्षीचे संमेलन आपल्या स्मरणात आहे आणि झाडूवाल्यांची ती मिरवणूक नाही.

सराफ्यातील आचाऱ्यांचे तर नावही आपल्या कपाटांत नाही. कोण कुठून आले, कोणत्या घरातली कृती बाजारात गेली, खिचडीत चिवडा प्रथम कोणी कालवला, याची एका ओळीचीही नोंद मला सापडली नाही. दोष केवळ ग्रंथालयाचा नव्हे. यात माझा स्वतःचा वाटा आहे आणि तो सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

माझ्या आईची एक वही होती. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. एका बाजूने किराण्याचा हिशेब आणि उलट बाजूने पदार्थांच्या कृती. त्यांत भुट्ट्याचा कीस होता, हे मला पक्के आठवते, कारण कृतीखाली आईने ती कोणाकडून शिकली त्या शेजारणीचा उल्लेख केला होता. ती शेजारीण मराठी होती की माळवी, हे मला आठवत नाही. वडिलांच्या पश्चात जुन्या पेठेतले घर सोडून आम्ही वसाहतीत राहावयास गेलो, तेव्हा आवराआवरीत मी पुस्तके एकूण एक सांभाळली आणि ‘किरकोळ कागद’ म्हणून वह्यांचा गठ्ठा रद्दीत दिला. इतिहासाची आवड असलेल्या, मराठीचे अध्यापन करणाऱ्या माणसाने हे केले. त्या रात्री कढईपाशी मला विचारलेल्या प्रश्नाचे निदान एक उत्तर त्या वहीत होते.

सराफ्यापुढेही आज अडचणी आहेत. गर्दी फार वाढली आहे. अरुंद गल्लीतील गॅसच्या शेगड्यांविषयी सराफांनी चिंता व्यक्त केली आहे. गराडूच्या शेजारी मोमो आणि नूडल्स आले आहेत. यात रडण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही. मकाही एके काळी परकाच होता. पण जे बदलते, त्याची नोंद बदलण्यापूर्वी व्हावी लागते. आपल्या घरांतील पुढची पिढी हिंदी-इंग्रजीत शिकली आहे आणि आजीच्या अक्षरातली वही तिला वाचता येईनाशी होत आहे. या वह्यांना फार काळ उरलेला नाही.

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने सभासदांपुढे एक लहानशी सूचना ठेवतो. घरात आई-आजीच्या कृतींच्या, हिशेबाच्या, सणावारांच्या वह्या असतील, तर त्या ग्रंथालयाला द्याव्यात. देववत नसतील, तर निदान प्रत काढू द्यावी. ग्रंथालयाने त्यांना दाखल क्रमांक द्यावा आणि इतर ग्रंथांप्रमाणेच कपाटात जागा द्यावी. कोणी तरुण सभासद सराफ्यातील जुन्या विक्रेत्यांशी बोलून त्यांच्या घराण्याची हकीकत लिहून आणील, तर तीही दाखल करावी, मग ती मराठीत असो वा हिंदीत.

फेरी संपली तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. निरोप घेताना मी त्या मुलाला आपल्या ग्रंथालयाचा पत्ता दिला आणि गेडिस यांच्या मिरवणुकीची गोष्ट थोडक्यात सांगितली. त्याने ती खिशातल्या लहान वहीत टिपून घेतली. तो म्हणाला, “सर, ये तो मैं कल से ही सुनाऊँगा.” पुढच्या आठवड्यात तो खरोखरच ग्रंथालयात आला. मराठी वाचता येत नसल्याने ग्रंथपालांच्या मेजापाशी बसून त्याने दोन तास ऐकले आणि लिहून घेतले. जाताना त्याने विचारले की भुट्ट्याच्या किसावर काही मिळेल का. ग्रंथपालांनी माझ्याकडे पाहिले. आमच्यापाशी त्याला देण्यासारखे काही नव्हते.