शुक्रतारा (भावगीत)

मंगेश पाडगावकर (१९२९–२०१५) यांनी लिहिलेले, श्रीनिवास खळे (१९२६–२०११) यांनी स्वरबद्ध केलेले आणि अरुण दाते (१९३४–२०१८) व सुधा मल्होत्रा यांनी गायिलेले मराठी युगुलगीत. १९६० च्या दशकाच्या आरंभीचे हे गीत आकाशवाणीमुळे घराघरांत पोहोचले.

गीतात कथा नाही. शुक्राची चांदणी, मंद वारा, पाण्यातले चांदणे आणि एकमेकांजवळ असलेले दोघे, एवढाच प्रसंग. पहिले व तिसरे कडवे त्याचे, दुसरे व चौथे तिचे. प्रत्येक कडव्याच्या शेवटी जवळ राहण्याची विनवणी येते. ती एकदा त्याच्या तोंडी, एकदा तिच्या. गीताचा अर्थ या रचनेतच आहे. तो मागतो आणि ती केवळ लाजते, असे येथे होत नाही. आपल्या भावना शब्दांत मांडता येत नाहीत असे ती सांगते, पण चौथ्या कडव्यात तिचीच वाणी सर्वांत धीट होते: स्वप्नात शोधलेले जागेपणी हाती यावे, ही इच्छा ती उघड बोलून दाखवते. विरह, रुसवा, आणाभाका यांपैकी काहीच नसल्याने गीताला काळाचा वा व्यक्तीचा संदर्भ चिकटत नाही. ऐकणाऱ्या कोणत्याही जोडप्याला ते आपले वाटू शकते.

खळ्यांची चाल शब्दांना कुठेही घाई करत नाही. ती गुणगुणायला सोपी वाटते. त्याच ठहरावाने गाऊ लागल्यावर तिची अवघड जागा कळते. इंदूरच्या रसिक घराण्यात वाढलेले, व्यवसायाने वस्त्रोद्योगातील अभियंता असलेले दाते मुळात गझलेकडे ओढलेले गायक होते. शब्द हळुवारपणे, जणू समोरच्या एकाच व्यक्तीसाठी उच्चारण्याची त्यांची लकब या गीताला फार मानवली. हिंदी चित्रपटसंगीतात नाव मिळवलेल्या मल्होत्रा यांचा स्वच्छ, संयत स्वर तिच्या कडव्यांना लाडिकपणापासून दूर ठेवतो. प्रेमगीतात हा संयम दुर्मिळच.

या गीताने दाते यांची भावगीतगायक म्हणून ओळख पक्की केली. पुढे ‘शुक्रतारा’ याच नावाने त्यांनी भावगीतांचे कार्यक्रम केले व अनेक सहगायिकांसह हे गीत रंगमंचावर गायिले.