एकाच गावातले दोन वाचक



'दाक्षिणात्य लेखक' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कारंत येतात, बशीर येतात, अनंतमूर्ती येतात. आज आपल्याला जायचंय ती दक्षिण निराळी आहे. अमेरिकेची दक्षिण. मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, टेनेसी, फ्लोरिडा. कापसाचे मळे, गुलामगिरी, १८६१ ते १८६५ चं यादवी युद्ध, त्यातला पराभव, आणि त्यानंतर कितीतरी दशकं कायद्याने जपलेला वर्णभेद. या भूमीने विसाव्या शतकात विल्यम फॉकनर, युडोरा वेल्टी, रिचर्ड राइट, झोरा नील हर्स्टन, हार्पर ली असे एकाहून एक लेखक दिले, आणि वाचकांनी त्यांच्यावर जीव ओवाळून टाकला.

या प्रेमाचा इतिहास सांगायचा तर सोपा रस्ता म्हणजे आकडे सांगणं. मार्गारेट मिचेलची 'गॉन विथ द विंड' जून १९३६ मध्ये आली आणि वर्ष संपायच्या आत तिच्या दहा लाख प्रती खपल्या. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने देशाची सर्वांत लाडकी कादंबरी कोणती असा कौल घेतला, तेव्हा हार्पर लीची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' पहिली आली. आकडे खोटे नाहीत. पण पुस्तकावर प्रेम बसायचं तर आधी ते हातात यावं लागतं, आणि ते कुणाच्या हातात येऊ शकत होतं हे आकड्यांतून कळत नाही. म्हणून आज आपण आकडे बाजूला ठेवू आणि एका गावात जाऊ. गावाचं नाव जॅक्सन, मिसिसिपी राज्याची राजधानी.

या गावात साधारण १९२० च्या सुमाराला दोन मुलं वाढत होती. एक मुलगी, जन्म १९०९ चा. एक मुलगा, जन्म १९०८ चा. दोघांनाही पुस्तकांचं विलक्षण वेड. दोघंही पुढे जगभर वाचले गेलेले लेखक झाले. मुलगी गोरी होती आणि मुलगा काळा.

मुलगी म्हणजे युडोरा वेल्टी. १९८३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात तिने तीन व्याख्यानं दिली, त्यांचं पुढच्या वर्षी पुस्तक झालं. आपल्यासारख्या व्याख्यानं ऐकणाऱ्या मंडळींना ते विशेष जवळचं वाटेल. त्यात तिने आपल्या बाळपणीच्या वाचनाबद्दल जे सांगितलंय ते ऐकण्यासारखं आहे. घर पुस्तकांनी भरलेलं. आईचं डिकन्सवेड इतकं, की एकदा घराला आग लागली तेव्हा ही बाई कुबड्यांवर होती, तरी पुन्हा आत गेली आणि डिकन्सचा संच खिडकीतून बाहेर फेकून मगच स्वतः बाहेर पडली. तोच संच पुढे जॅक्सनच्या घरात होता.

गावात कार्नेगींच्या देणगीतून उभं राहिलेलं सार्वजनिक ग्रंथालय होतं. युडोरा नऊ वर्षांची झाली तशी आई तिला घेऊन तिथे गेली आणि ग्रंथपाल बाईंना सांगून आली, हिला हवं ते पुस्तक द्या, मुलांचं असो नाहीतर मोठ्यांचं. (एकच पुस्तक वगळून. त्यातली नायिका इतका वेळ पियानो वाजवते की शेवटी बैठकीवरून कोसळते. आपली लेक फार हळवी आहे, तीही पडेल, असं आईचं म्हणणं!) बाई मोठ्या कडक. एका वेळी दोनच पुस्तकं, आणि आज नेलेली आज परत करायची नाहीत. मग ही पोरगी दोन पुस्तकं सायकलच्या टोपलीत टाकून घरी यायची आणि संपतील या भीतीनेच ती वाचायची. ग्रंथालयाच्या वाटेवर राज्याचं विधानभवन लागे. त्याच्या संगमरवरी दालनांतून ती कधी सायकलवर, कधी पायाला चाकं बांधून थेट पलीकडे निघे. कुणी अडवत नसे.

आता मुलाकडे येऊ. रिचर्ड राइट. बाप घर सोडून गेलेला, आई आजारी, मुक्काम जॅक्सनला आजीच्या घरी. आजी कडक धार्मिक. घरात भाड्याने राहणाऱ्या एका तरुण शिक्षिकेने लहान रिचर्डला बायकांना मारून टाकणाऱ्या निळ्या दाढीवाल्याची गोष्ट सांगायला घेतली. मुलगा भान हरपून ऐकत होता. तेवढ्यात आजी आली. गोष्टी म्हणजे सैतानाचं काम, असं म्हणून तिने ती तिथेच बंद पाडली. आपल्या आत्मचरित्रात, 'ब्लॅक बॉय'मध्ये, राइट हे सगळं बारकाईने सांगतो. ती अर्धी राहिलेली गोष्ट त्याला कधी सोडून गेली नाही.

पण आजीची समजूत घालता आली असती, तिला चुकवताही आलं असतं. गावातल्या ग्रंथालयाचं काय करणार? वेल्टी ज्या दारातून रोज आतबाहेर करत होती, त्या दारातून काळ्या मुलाला आत जाता येत नव्हतं. हे ग्रंथपाल बाईंच्या लहरीवर नव्हतं, ती त्या राज्याची रीत होती. तरी हा मुलगा मिळेल ते वाचत राहिला. सोळाव्या वर्षाच्या आत त्याची एक गोष्ट गावातल्या काळ्यांच्या वर्तमानपत्रात छापून आली. १९२५ मध्ये तो वर्गात पहिला आला. समारंभात वाचण्यासाठी मुख्याध्यापकांनी त्याच्या हातात तयार भाषण ठेवलं. त्याने ते नाकारलं आणि स्वतः लिहिलेलं वाचलं. त्यानंतर त्याने शिक्षण सोडलं आणि पोटासाठी मेम्फिस गाठलं.

मेम्फिसला जे झालं ते आमच्या मते वाचनाच्या इतिहासातलं एक फार मोठं पान आहे. १९२७ साल. एका वर्तमानपत्रात एच. एल. मेंकेन या लेखकाला शिव्या घातलेल्या त्याने वाचल्या. दक्षिणेतले गोरे ज्याला इतक्या शिव्या घालतात तो माणूस काय लिहीत असेल, याची त्याला उत्सुकता लागली. मिळवायचं कसं? कामावर एक गोरा सहकारी होता, धर्माने कॅथलिक, म्हणजे गोऱ्यांतही जरा कडेचा. त्याच्याकडून राइटने ग्रंथालयाचं कार्ड मागून घेतलं. मग त्या सहकाऱ्याच्या नावाने चिठ्ठी लिहिली, की या पोराजवळ मेंकेनची पुस्तकं द्यावीत. चिठ्ठीत स्वतःसाठी त्याने काळ्यांना दिली जाणारी शिवी मुद्दाम वापरली. गोऱ्याने लिहिल्यासारखी वाटली पाहिजे ना! ग्रंथपाल बाईंना शंका आलीच. ही पुस्तकं तूच तर वाचत नाहीस ना, असं त्यांनी विचारलं. त्याने सांगितलं, मला वाचता येत नाही.

जरा थांबून विचार करू. ज्याला वाचल्यावाचून राहवत नव्हतं, त्याला पुस्तक मिळवण्यासाठी आपण निरक्षर आहोत असं सांगावं लागलं. पुस्तकं तो वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचा, आणि रात्री भाड्याच्या खोलीत वाचत बसायचा. शब्दांचा हत्यारासारखा वापर करता येतो, हे त्याला तिथे कळलं. वर्ष संपायच्या आत तो दक्षिण सोडून शिकागोला निघून गेला.

दोन वाचक, एक गाव. पुढे काय झालं?

१९६१ सालचा मार्च. 'मॉकिंगबर्ड' प्रसिद्ध होऊन आठ महिने झाले होते. अलाबामातला एक गोरा वकील निरपराध काळ्या माणसाची बाजू घेऊन कोर्टात उभा राहतो, ही गोष्ट अमेरिकेतल्या घराघरांत वाचली जात होती. मे महिन्यात त्या पुस्तकाला पुलित्झर पारितोषिक मिळालं. आणि त्याच वसंत ऋतूत, २७ मार्चला, जॅक्सनमधले नऊ काळे विद्यार्थी गोऱ्यांच्या मुख्य ग्रंथालयात गेले. टूगालू कॉलेजची ही मुलं. आधी ती काळ्यांसाठीच्या शाखेत गेली, अभ्यासाची पुस्तकं तिथे नाहीत याची खात्री करून घेतली, मग इकडे आली, आणि पुस्तकं काढून वाचत बसली. घोषणा नाहीत, दंगा नाही. पोलिसांनी त्यांना पकडून नेलं. आरोप शांतताभंगाचा! ग्रंथालयात गप्प बसून वाचल्याबद्दल शांतताभंग. प्रत्येकी शंभर डॉलर दंड आणि तीस दिवसांची स्थगित शिक्षा झाली. खटल्याच्या दिवशी कोर्टाबाहेर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, कुत्री सोडली. त्यात मार खाल्लेल्यांत मेडगर एव्हर्स हा नागरी हक्क चळवळीतला कार्यकर्ता होता. पुढे प्रकरण न्यायालयात गेलं तेव्हा कुठे ग्रंथालय सर्वांना खुलं झालं.

म्हणजे एकीकडे न्यायाची गोष्ट वाचून डोळे पुसणारे लाखो वाचक, आणि त्याच दक्षिणेत हातात पुस्तक घेतलं म्हणून तुरुंगात गेलेले नऊ वाचक. आम्ही 'मॉकिंगबर्ड'ला कमी लेखत नाही. ते पुस्तक वाचून वकील व्हायचं ठरवलेली माणसं अमेरिकेत आहेत. पण आवडत्या पुस्तकावरचं प्रेम कधीकधी आपल्याला फार लवकर समाधान देतं. पुस्तकातल्या अन्यायाची चीड आली की आपलं कर्तव्य झालं, असं वाटू लागतं.

वेल्टीचं तसं झालं नाही, हे सांगायला हवं. १२ जून १९६३ ला मेडगर एव्हर्सचा त्याच्याच घराच्या दारात गोळी घालून खून झाला. वेल्टी त्याच गावात होती. त्याच रात्री तिने एक गोष्ट लिहायला घेतली, आणि ती खुन्याच्या तोंडून लिहिली. या गावातला असा माणूस कसा बोलेल, कसा विचार करेल, हे मला ठाऊक आहे, असं ती म्हणत असे. गोष्ट 'न्यू यॉर्कर'कडे गेली, दरम्यान संशयिताला अटक झाली, आणि कल्पनेने लिहिलेले तपशील खऱ्याच्या इतके जवळ निघाले की छापण्याआधी त्यांतले काही बदलावे लागले. ६ जुलैच्या अंकात ती आली. ज्या गावाने तिला सगळी दारं उघडी ठेवली होती, त्या गावाचा आवाज तिने गावालाच ऐकवला.

आता कुणी म्हणेल, म्हणजे राइट हा अन्याय सोसलेला आणि म्हणून निर्दोष. इतिहास इतका सरळ नसतो. १९३७ मध्ये झोरा नील हर्स्टनची 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' ही कादंबरी आली. फ्लोरिडातल्या काळ्या लोकांची बोली, त्यांचं हसणं, एका बाईची स्वतःच्या सुखाची ओढ. त्या कादंबरीवर अत्यंत कठोर परीक्षण कुणी लिहिलं असेल? रिचर्ड राइटने. त्याला हवा होता तो संघर्ष त्यात दिसला नाही, म्हणून त्याने ती जवळजवळ निकालात काढली. स्वतःला दार बंद झालेल्या वाचकाने दुसऱ्या लेखिकेच्या तोंडावर दार लावलं. ते एकट्याने लावलं असं आम्ही म्हणत नाही, पण हात त्याचाही होता. पुस्तक बाजारातून गेलं. हर्स्टन १९६० मध्ये गरिबीत वारली आणि फोर्ट पिअर्सला नावाचा दगडही नसलेल्या थडग्यात पुरली गेली.

तिला परत आणलं ते एका वाचकाने. अ‍ॅलिस वॉकर, तेव्हा तिशीच्या आतली लेखिका, १९७३ मध्ये फोर्ट पिअर्सला गेली. लोकांनी दाद द्यावी म्हणून आपण हर्स्टनची भाची असल्याचं तिने सांगितलं. कमरेएवढ्या गवतात शोधत शोधत थडग्याची जागा नक्की केली आणि पदरच्या पैशाने तिथे दगड बसवला. १९७५ मध्ये तिने या शोधावर लेख लिहिला, १९७८ मध्ये कादंबरी पुन्हा छापली गेली. आज अमेरिकेत शाळा-कॉलेजांतून ती शिकवतात. राइटने पुस्तकासाठी खोटी चिठ्ठी लिहिली होती, वॉकरने खोटं नातं सांगितलं. वाचकाचं प्रेम म्हणतात ते हे.

हा सगळा इतिहास आपल्याला परका वाटू नये. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या काळ्यांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतलं साम्य दाखवलं. १९७२ मध्ये मुंबईतल्या तरुण लेखकांनी आपल्या संघटनेचं नाव ठेवताना अमेरिकेतल्या 'ब्लॅक पँथर'कडे पाहिलं. अक्षर कुणी वाचायचं आणि कुणी नाही, हा प्रश्न दोन्हीकडे ओळखीचा होता.

शेवटी पुन्हा जॅक्सनला जाऊ. १९८६ मध्ये तिथल्या मुख्य ग्रंथालयाला युडोरा वेल्टीचं नाव दिलं गेलं. त्याच ग्रंथालय व्यवस्थेतल्या एका शाखेला रिचर्ड राइटचं नाव आहे. आणखी एका शाखेला मेडगर एव्हर्सचं. ज्याला एकेकाळी कार्ड मिळालं नसतं, त्याचं नाव आता दारावर आहे.

जाण्याआधी एक विनंती. आज घरी गेल्यावर आपलं सर्वांत लाडकं पुस्तक हातात घ्या, आणि ते आपल्यापर्यंत कसं आलं ते आठवा. आई असेल, शाळेतल्या बाई असतील, वाचनालयातला एखादा माणूस असेल. आणि आपल्या गल्लीत असं एखादं पोर आहे का, ज्याच्यापर्यंत ते अजून पोहोचलेलं नाही, हेही पाहा.

इथेच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.