उन्हाचे खरबरीत चट्टे : जेल आलं, चाललं अन् बंद का झालं?

वर्षानुवर्षे उन्हात राबलं की चेहरा, टक्कल, कान, हाताची मागची बाजू इथे खरबरीत, खवलेदार चट्टे येतात. डॉक्टर याला ॲक्टिनिक केराटोसिस म्हणतात. हा कर्करोग नव्हे, पण काही चट्टे पुढे त्या वाटेला जाऊ शकतात. गोऱ्या कातडीला, विशेषतः ऑस्ट्रेलियात, हा त्रास फार. सावळ्या कातडीला धोका बराच कमी.

तिकडे युफोर्बिया पेप्लस नावाच्या तणाचा चीक लोक अशा चट्ट्यांवर लावायचे. हे तण आपल्या शेराच्या कुळातलं. त्यातल्या इंजेनॉल मेब्युटेट या घटकाचं जेल तयार झालं. चाचणीत काहींना हे जेल, तर काहींना बिनऔषधाचं जेल दिलं. चेहऱ्यावर व डोक्यावर फक्त तीन दिवस लावायचं. ५७व्या दिवशी औषधवाल्यांपैकी ४२ टक्के जणांचे सगळे चट्टे गेलेले होते. बिनऔषधाच्या गटात हे प्रमाण ४ टक्क्यांच्या आत होतं. २०१२ मध्ये अमेरिका, युरोपात मंजुरी मिळाली.

पण तीन वर्षांच्या तुलनेत, दुसऱ्या मलमापेक्षा हे जेल लावलेल्या जागी कातडीचा कर्करोग जास्त आढळला. २०२० मध्ये युरोपात त्याचा वापर थांबवण्यात आला. दोन महिन्यांत कातडी साफ दिसली म्हणजे धोका टळला, असं नसतं.

म्हणून शेराचा, निवडुंगाचा चीक कातडीला लावू नका. चट्टा महिनाभर बरा होत नसेल, कडक होत असेल, रक्त येत असेल तर जिल्हा रुग्णालयात त्वचारोग तज्ज्ञांना दाखवा. अन् उन्हात जाताना टोपी किंवा उपरणं, पूर्ण बाह्यांचा सदरा विसरू नका.